पान आधी, छपाई मग

छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागलं, की आडूळ मागे पडल्यावर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पाचोड येतं. पैठण तालुक्यातलं हे गाव मोसंबीचं. आसपासच्या बागांचा माल इथल्या बाजारात उतरतो आणि इथून पुढे लांबच्या शहरांना जातो. मोसंबी आली म्हणजे बहर आला, बहर आला म्हणजे फळपीक विमा आला आणि विमा आला म्हणजे कागद आले. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, स्वयंघोषणापत्र. मुदत संपायला दोन दिवस उरले, की अशा गावातल्या सेवा केंद्रांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे मोटारसायकली लागतात आणि आतला दहा-पंधरा वर्षांचा लेझर प्रिंटर नेमका त्याच दिवशी रुसतो.

रुसण्याचा एक प्रकार ओळखीचा आहे. सातबारा अर्धाच येतो. वर गाव नमुना सात नीट छापलेला असतो, गट क्रमांक, भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, सगळं स्वच्छ. आणि खाली जिथून नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही सुरू व्हायची, तिथून कागद कोरा. कधी उरलेला बारा दुसऱ्या कागदावर येतो. सात एका कागदावर आणि बारा दुसऱ्यावर असा उतारा कोण स्वीकारणार? दुकानदार प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करतो, परत प्रिंट मारतो, परत तेच. मग कोणीतरी जाणकार निदान करतो, ‘याची मेमरी कमी पडतेय, वाढवून घ्या.’

निदान पुष्कळदा बरोबर असतं. इलाज मात्र तितक्याच वेळा चुकतो, कारण आपल्याकडच्या दुकानांत जे लेझर प्रिंटर सर्वांत जास्त दिसतात, त्यांत मेमरी वाढवायला जागाच नसते. हे प्रकरण त्या घोळाबद्दल आहे. पण त्याआधी लेझर प्रिंटरला मेमरी लागतेच कशाला, ते पाहावं लागेल.

इंकजेट प्रिंटर आडवी एक पट्टी छापतो, थांबतो, कागद थोडा सरकवतो, पुढची पट्टी छापतो. संगणकाकडून पुढचा मजकूर यायला उशीर झाला तर तो बिचारा वाट बघत उभा राहतो. कागदाचं काही बिघडत नाही. लेझर प्रिंटरला ही सवलत नाही. त्यात एक बहुकोनी आरसा गरागरा फिरत असतो, त्याच्यावर आपटून लेझरचा किरण ड्रमवर आडवा झाडू मारतो, जिथे किरण पडला तिथे टोनर चिकटतो, ड्रमवरचा टोनर कागदावर उतरतो आणि पुढे तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून पक्का होतो. ही सगळी साखळी एकाच वेळी चालू असते. एचपीच्या ‘12ए’ कार्ट्रिजमधला ड्रम हातात घेऊन पाहा. तो अंगठ्याएवढा जाड असतो, व्यास 24 मिलिमीटर, म्हणजे त्याचा घेर जेमतेम 75 मिलिमीटर. ए-फोर कागद 297 मिलिमीटर लांब. एक पान छापायला ड्रमला जवळजवळ चार फेऱ्या माराव्या लागतात. पानाचा तळ ड्रमवर लिहिला जात असतो तेव्हा पानाचा माथा केव्हाच कागदावर उतरून भट्टीत पोचलेला असतो. मधे थांबायचं म्हटलं तर कागद तापलेल्या रोलरखाली अडकून बसेल.

पंगत बसल्यावर पोळ्या लाटायला घेऊन चालत नाही, त्या आधीच लाटून ठेवाव्या लागतात. प्रिंटरची मेमरी ही ती लाटून ठेवलेली चळत आहे. कागद आत ओढला जाण्यापूर्वी सबंध पान, ठिपक्या-ठिपक्यानं, कुठेतरी तयार असावं लागतं, किंवा निदान इतकं पुढे तयार असावं लागतं की किरण त्याला गाठू नये. मिनिटाला 14 पानं काढणारा, 600 डीपीआयचा साधा प्रिंटर घेतला तर त्याच्या ड्रमवर सेकंदाला दीड हजारांहून जास्त ओळी पडतात. त्यातली एक जरी वेळेवर हजर नसली तर पान वाया जातं.

किती जागा लागते, हे कागदावर मांडता येतं. 300 डीपीआय म्हणजे एका इंचात 300 ठिपके. ए-फोर पानावर आडवे 2480 आणि उभे 3508 ठिपके मावतात. काळा की पांढरा एवढंच सांगायला प्रत्येक ठिपक्याला एक बिट. गुणाकार करा, आठनं भागा, उत्तर येतं 10 लाख 87 हजार बाइट, म्हणजे ढोबळमानानं एक एमबी. आता 600 डीपीआय घ्या. ठिपके दोन्ही दिशांना दुप्पट होतात, म्हणून जागा चौपट लागते: 43 लाख 50 हजार बाइट. 1200 डीपीआयला आणखी चौपट, 1 कोटी 74 लाख. आणि स्थानिक साप्ताहिकाचं पान लावायला ए-थ्री घेतलात तर यातला प्रत्येक आकडा दुप्पट करा. छपाई दुप्पट बारीक केली की मेमरी दुप्पट लागेल असा बहुतेकांचा अंदाज असतो. तो फसतो तो या चौपटीमुळे.

हा एक एमबी आज हसण्यासारखा वाटतो. फोनमध्ये पाठवलेला ‘शुभ सकाळ’चा फोटोही कधी कधी त्याहून जड असतो. पण लेझर प्रिंटरचा सारा पूर्वेतिहास या एका एमबीच्या किमतीचा इतिहास आहे. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी 1969च्या सुमाराला लेझरनं छापायचा उद्योग सुरू केला आणि 1971मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात गेले. किरणानं ड्रमवर लिहायचं जमलं, पण लिहायचं काय, ते किरणाला त्या वेगानं पुरवणार कोण? त्यासाठी बटलर लॅम्पसन आणि रॉन रायडर यांना अक्षरांचे ठिपके तयार करून देणारं एक वेगळं यंत्र बांधावं लागलं. म्हणजे छापणारं यंत्र एक आणि पान रचणारं यंत्र दुसरं. हा भेद लक्षात ठेवा, पाचोडच्या दुकानात तो पुन्हा भेटणार आहे.

1984मध्ये एचपीनं पहिला लेझरजेट आणला. आतलं छपाईचं यंत्र कॅननचं, 300 डीपीआय, मिनिटाला 8 पानं, किंमत 3495 डॉलर. मेमरी? 128 केबी. वरच्या हिशेबातल्या पानाचा आठवा हिस्सा. मग तो छापायचा कसा? तो पानाचं चित्र साठवतच नसे. ‘इथे ए, तिथे बी’ एवढी यादी तो ठेवी, अक्षरांचे साचे रॉममध्ये किंवा वरून खोचायच्या फाँट कार्ट्रिजमध्ये असत, आणि ड्रम फिरत असताना ओळीमागून ओळ जुळवत तो किरणाच्या पुढे पळत राही. पत्रं छापायला हे उत्तम होतं. चित्र आलं की बोंब. सबंध पानभर चित्र हवं असेल तर ते 75 डीपीआयच्या भरड ठिपक्यांत घ्यावं लागे. पुढच्या वर्षी लेझरजेट प्लस आला तो 512 केबी घेऊन, तरी पूर्ण पान काही मावेना.

त्याच 1985 साली ॲपलनं उलटा डाव टाकला. लेझररायटरमध्ये त्यांनी दीड एमबी रॅम घातली: एक एमबी सबंध पानासाठी आणि उरलेली अर्धी काम करायला. शिवाय 12 मेगाहर्ट्झचा मोटोरोला 68000 प्रोसेसर. ज्या मॅकिन्टॉश संगणकाला तो जोडायचा, त्यात हाच प्रोसेसर आठ मेगाहर्ट्झच्याही खाली धावत होता आणि 1984च्या पहिल्या मॅकमध्ये रॅम होती 128 केबी. प्रिंटर संगणकापेक्षा हुशार आणि किंमत 6995 डॉलर! ॲडोबीच्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा त्या प्रिंटरमध्ये चालत असे. पान म्हणजे रेषा आणि वक्र यांचं वर्णन, ते वाचायचं, ठिपक्यांत उतरवायचं आणि मगच कागद ओढायचा. डीटीपी या तीन अक्षरांचा जन्म या दीड एमबीमधून झाला, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

मराठीला या गोष्टीचा चटका इंग्रजीपेक्षा जास्त बसला. प्रिंटरच्या आत कायम मुक्कामाला असलेले फाँट सगळे रोमन: कुरियर, टाइम्स आणि त्यांचे भाऊबंद. इंग्रजी पत्र छापायचं तर संगणक नुसती अक्षरं पाठवी, साचे प्रिंटरकडे तयार असत. देवनागरीचा साचा प्रिंटरमध्ये नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि असो की 1988मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्टचे फाँट, मराठी मजकुराबरोबर अक्षरांचे साचेही प्रत्येक वेळी तारेवरून पाठवावे लागत आणि ते प्रिंटरच्या मेमरीत बसत. 12 पॉइंटचं एक अक्षर 300 डीपीआयला 50 गुणिले 50 ठिपक्यांत बसवलं तर साधारण 310 बाइट होतात. मराठीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, निरनिराळ्या ठिकाणी बसणाऱ्या वेलांट्या, उकार, रफार हे सगळे तुकडे धरून दोनशे साचे पकडा, झाले 62 हजार बाइट. हे एका आकाराचं, एका वजनाचं. ठळक हवं, आणखी दुसरा आकार हवा, तर पुन्हा तेवढेच. 600 डीपीआयला चौपट. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली जी मोठी अक्षरं येतात, 36 पॉइंटची, त्यांतल्या एकेकाला 600 डीपीआयला 11 हजार बाइट. जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून त्यावरून ऑफसेटची प्लेट करायची, हे त्या काळचं रोजचं काम. पत्रिकेत नक्षीदार चौकट घातली की प्रिंटरनं पान अर्ध्यात सोडायचं, हेही रोजचंच. साचा पोचलाच नाही तर प्रिंटर आपल्या पदरचा कुरियर वापरून टाकी आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी बाहेर पडे. जुन्या डीटीपीवाल्यांना ही खिचडी पाठ असेल.

आजचा डिजिटल सहीचा सातबारा याच वर्गात मोडतो. त्यात देवनागरीचे फाँट फाइलच्या पोटात बांधलेले, चौकटीच्या कितीतरी रेषा, क्यूआर कोड आणि मजकुरामागे बोधचिन्हाची फिकट छाप. डोळ्यांना साधा तक्ता दिसतो. प्रिंटरला ते फिकट चिन्ह आणि त्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळून ठिपके करावे लागतात. इंग्रजी पत्र सुरळीत छापणारा प्रिंटर इथे अडखळला, तर त्यात दुकानदाराचा दोष नाही.

आता दुकानातल्या टेबलावर येऊ. महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारगावात झेरॉक्सच्या दुकानात जा, एचपीचा लेझरजेट 1020 किंवा कॅननचा एलबीपी 2900 हमखास दिसेल. निम्म्या खेड्यांचा कारभार या दोन यंत्रांनी छापला असावा, असं मला नेहमी वाटतं. कार्ट्रिज कुठेही रिफिल होते, टेफ्लॉन आणि पिकअप रोलर कुठेही मिळतात, मेकॅनिक डोळे झाकून उघडतो. या दोघांचीही मेमरी आहे 2 एमबी. आणि दोघांतही वाढवायला स्लॉट नाही.

दोन एमबीत 43 लाख बाइटचं पान बसतं कसं? बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही नसतो. ही यंत्रं पान रचतच नाहीत. पान रचतो संगणक. विंडोजमधला ड्रायव्हर सबंध पानाचे ठिपके तयार करतो, ते दाबून लहान करतो आणि यूएसबीच्या तारेवरून पाठवतो. प्रिंटर ते उलगडत उलगडत ड्रमवर ओततो. पार्कमधलं छापणारं यंत्र आणि रचणारं यंत्र पुन्हा वेगळं झालं, फक्त रचणारं यंत्र म्हणजे आता दुकानातला संगणक. त्यामुळेच ही यंत्रं स्वस्त झाली.

1020 तर विसरभोळेपणाचा अर्कच आहे. त्याला चालवणारा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, तो स्वतःजवळ कायम ठेवत नाही. सकाळी बटण दाबलं की ड्रायव्हर ते त्याच्या मेमरीत नव्यानं भरतो. वीज गेली, इन्व्हर्टर नसला, की सगळं पुसलं. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. दिवा लागतो, यंत्र घरघरतं, पण प्रिंट निघत नाही, असा अनुभव प्रिंटर दुसऱ्याच संगणकाला जोडल्यावर येतो तो यामुळे. योग्य ड्रायव्हर नसेल तर त्याला छापायचं कसं हेच ठाऊक नसतं.

अशा प्रिंटरची ‘मेमरी वाढवून देतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून उठावं. पैसे खर्च करायचेच असतील तर संगणकात करावेत. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या, त्यात महाभूमीचं संकेतस्थळ, विम्याचं पोर्टल, व्हॉट्सॲप, आणि मागे ठिपके रचायला बसलेला ड्रायव्हर. वेळ जातो तो इथे. रॅम चार-आठ जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर त्याच 1020 मधून शासन निर्णयाची पन्नास पानं विनातक्रार निघतात. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तर तो आधी रिकामा करावा, कारण छापण्याआधी फाइल तिथेच उतरवून ठेवली जाते.

दुसरा इलाज फुकटचा आहे आणि तो आधार कार्डाशी निगडित आहे. पान दाबून लहान करण्याची जी पद्धत 1020 वापरतो, तिचं तत्त्व सोपं आहे: शेजारचे ठिपके पाहून पुढचा ठिपका कसा असेल ते ओळखायचं. कोरी जागा आणि रेखीव अक्षरं असली तर अंदाज सारखा बरोबर येतो आणि पान कितीतरी पटींनी लहान होतं. आता लॅमिनेट केलेलं, चुरगळलेलं आधार कार्ड ग्राहकाच्या फोनवरून फोटो काढून व्हॉट्सॲपवर आलेलं आहे. पांढरी दिसणारी जागा खरी पांढरी नाही. राखाडी आहे, एका कोपऱ्यात बोटाची सावली आहे. काळ्या टोनरला राखाडी छापता येत नाही, म्हणून ड्रायव्हर ती जागा विखुरलेल्या काळ्या ठिपक्यांनी भरतो. त्या ठिपक्यांत अंदाज बांधण्यासारखं काहीच नसतं, आणि दाबणं जवळजवळ वाया जातं. फोटो छापण्यापूर्वी स्कॅनिंगच्या ॲपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करून पार्श्वभूमी खरोखर पांढरी केली, तर मेमरीचा प्रश्न बराचसा सुटतो, टोनर वाचतो तो वेगळाच.

आता उरली ती यंत्रं, ज्यांत स्लॉट असतो. ती मुख्यतः कार्यालयांसाठी बनवलेली; बँका आणि कंपन्यांनी काढून टाकलेली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सिकंदराबादच्या सीटीसीमधून साफसूफ होऊन छोट्या गावांत येणारी. लेझरजेट 1200मध्ये मूळ 8 एमबी असते, ती 72 पर्यंत नेता येते. 1320मध्ये 16, ती 144 पर्यंत. पी2055डीएनमध्ये 128, ती 384 पर्यंत. ब्रदरच्या एचएल-5250डीएनमध्ये 32, ती 544 पर्यंत. हे प्रिंटर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषा समजतात आणि पान स्वतः रचू शकतात. इथे मेमरी वाढवण्याला अर्थ आहे. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल, किंवा नेटवर्कवर तीन-चार संगणक एकाच यंत्राला जोडले असतील, तर आणखी जास्त.

मेमरीचाच प्रश्न आहे हे ओळखायचं कसं? पडदा असलेले जुने लेझरजेट सरळ सांगतात. ‘20’ क्रमांकाचा संदेश म्हणजे मेमरी भरली, पान मावलं नाही. ‘21’ म्हणजे थोडी वेगळी तक्रार: मेमरी आहे, पण पान इतकं गुंतागुंतीचं आहे की ठिपके रचणं मागे पडलं आणि किरण पुढे गेला. बिनपडद्याच्या यंत्रांत दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखावं लागतं, त्याचा तक्ता माहितीपुस्तिकेत असतो. एक घरगुती कसोटी अशी: जे पान अर्धं येतं, तेच ड्रायव्हरमध्ये 300 डीपीआय निवडून छापा. पूर्ण आलं, तर मेमरी. तेव्हाही अर्धंच आलं, तर फाइल, तार किंवा ड्रायव्हर तपासा.

‘21’च्या बाबतीत जुन्या लेझरजेटमध्ये ‘पेज प्रोटेक्ट’ नावाची सोय असते आणि मला ती फार आवडते, कारण मेमरीचं खरं काम काय ते तिच्यात उघड होतं. ती चालू केली की प्रिंटर सबंध पानाएवढी जागा राखून ठेवतो आणि शेवटचा ठिपका रचून होईपर्यंत कागदाला हातच लावत नाही. किरणाशी शर्यतच नको. पान थोडं उशिरा सुरू होतं, पण पूर्ण येतं. जागा देऊन वेळ विकत घेतलेला असतो. अर्थात 600 डीपीआयचं पान राखायला चारेक एमबी मोकळी हवी, म्हणजे ही सोय वापरायलाही मेमरी हवीच.

खर्च न करता पाहायचं असेल, तर ॲडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ असा पर्याय आहे. तो निवडला की फाँट, रेषा, फिकट बोधचिन्ह यांचा गुंता संगणकातच सुटतो आणि प्रिंटरकडे सरळ चित्र जातं. सातबाऱ्यासारख्या पानाला हा उतारा बहुधा लागू पडतो. अक्षर किंचित भरड येतं, चालतं तेवढं.

आणि मेमरीनं काय बरं होत नाही, तेही सांगितलं पाहिजे, कारण मेमरीची स्टिक विकणारा ते सांगत नाही. पानावर उभी काळी रेघ, फिकट पडलेली बाजू, बोटानं पुसली जाणारी अक्षरं, दोन-दोन कागद ओढले जाणं, यांतलं काहीही मेमरीशी संबंधित नाही. 12ए कार्ट्रिज असताना तोच डाग दर 75 मिलिमीटरवर पुन्हा दिसत असेल तर पट्टी ठेवून मोजा. तो ड्रमचा घेर आहे, ड्रमवर ओरखडा पडला आहे. वेगाबद्दलही गैरसमज आहे. पान मावायला लागलं की त्यापुढची जादा मेमरी साध्या कामाला वेग देत नाही. अपवाद एक: काही कार्यालयीन यंत्रं मोठी फाइल एकदाच घेऊन तिच्या पाहिजे तितक्या प्रती क्रमवार काढतात, शाळेच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकेसारख्या. तिथे जादा मेमरी कामी येते.

स्टिक विकत घेताना पिना मोजून भागत नाही. नव्वदच्या दशकात लेझरजेट 4च्या पिढीत 72 पिनांची सिम नावाची स्टिक असे, त्यानंतर बरीच वर्षं प्रिंटरसाठी 100 पिनांची डीम आली. ही 100 पिनांची डीम संगणकात सहसा नसतेच, म्हणून भंगारातल्या प्रिंटरमधून काढलेली शोधावी लागते. तिच्यातही जात वेगळी: 1200ला एसडीरॅम, 1320ला डीडीआर. 144 पिनांचा घोळ आणखी मोठा. ब्रदर 5250ला 144 पिनांची एसडीरॅम चालते, जुन्या लॅपटॉपमध्ये असायची त्या घराण्यातली. पी2055लाही 144 पिनाच, पण डीडीआर2च्या. दोन्हींवर तोच आकडा, एक दुसरीच्या जागी निरुपयोगी. आपल्या मॉडेलचं नाव आणि जुन्या स्टिकवरचं लेबल यांचा फोटो दुकानदाराला पाठवावा आणि चालली नाही तर परत घेण्याचं कबूल करून घ्यावं. वापरलेल्या मालात हे कबूल न करणाऱ्याकडून घेऊ नये.

बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. प्रिंटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, यूएसबीही काढा. बाजूचं झाकण उघडलं की लॉजिक कार्ड दिसतं, त्यावर स्लॉट. मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते, स्वेटर काढताना चटचट होते तीच. चिप बिघडवायला ती पुरेशी आहे. आधी यंत्राच्या उघड्या धातूला हात लावा आणि स्टिक कडांनी धरा. खाचा जुळल्या तरच ती बसते. जुळत नसतील तर जोर करू नका, ती चुकीची स्टिक आहे. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या म्हणजे बसली.

मग कॉन्फिगरेशन पेज काढायचं. पडदा असेल तर मेनूतून, नसेल तर बहुतेक यंत्रांत पुढचं बटण काही सेकंद दाबून. त्यावर एकूण मेमरीचा आकडा असतो. तो वाढलेला दिसला नाही तर स्टिक काढा, सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कण फुंकून घ्या, पुन्हा बसवा. तरीही आकडा जुनाच असेल तर स्टिक परत द्या. आकडा वाढला, तरी एक पायरी उरते आणि ती पुष्कळजण विसरतात: विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ उघडून तिथली मेमरीही नव्या आकड्याएवढी करावी लागते. नाहीतर ड्रायव्हर जुन्या आठ एमबीच्या हिशेबानंच पान पाठवत राहतो.

ज्यांनी अजून जुना प्रिंटर घेतलेला नाही, त्यांनी हेच कॉन्फिगरेशन पेज विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावं. मेमरी किती, आजवर किती पानं छापली, पीसीएल आहे की नाही, सगळं त्या एका कागदावर असतं. तो कागद काढून द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पुढच्या दुकानात चला. आणि काढून दिलाच, तर लगेच पेन ड्राइव्हमधला आपल्या गटाचा सातबारा तिथेच छापायला लावा.